कार्बाइडचा डबा

आमच्या फाउंड्रीत मिक्सरवर एक मामा होते. सगळी कंपनी त्यांना मामाच म्हणायची, मीही. मिक्सर म्हणजे वाळू मळायचं यंत्र. वाळू, बेंटोनाइटची माती, कोळशाची पूड आणि पाणी एकत्र मळायचं, त्याचे साचे करायचे आणि त्यात १४०० अंशांच्या आसपासचं वितळलेलं लोखंड ओतायचं, हा आमचा धंदा. मामा दर घाण्याला मूठभर वाळू उचलायचे, दाबायचे आणि मुठीत झालेला लाडू मधोमध मोडायचे. कडा स्वच्छ तुटली तर वाळू चांगली. कडा भुरभुरली तर पाणी कमी. आणि मोडल्यावर तळहाताला चिकट ओल राहिली तर पाणी जास्त. सगळं मिळून चार सेकंदांचं काम, तेही कुणाशी तरी गप्पा मारता मारता.

मामांची आठवण निघायचं कारण वेगळंच. गेल्या महिन्यात ओळखीतल्या एका मुलाचा फोन आला. मिरजेला एका कंपनीत नुकताच सुपरवायझर झालाय. म्हणाला, "दादा, माझी टीम पार खचलीय. कुणात कॉन्फिडन्सच राहिला नाही. एखादं पुस्तक-बिस्तक सांगा की." पुस्तक काही सुचलं नाही. डोळ्यांपुढं आला तो कार्बाइडचा डबा. फोनवर त्याला धड सांगता आलं नाही, म्हणून इथं लिहितोय.

२०१९ साल आमच्यावर दोन बाजूंनी आलं. वाहनांचा बाजार महिन्यामागून महिने उतरत होता. त्यात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या धुराचा नवा कडक नियम, लागू व्हायचा होता, त्यामुळे गाड्यांच्या कंपन्या जुन्या इंजिनांचा माल हात राखून उचलत होत्या. पुण्या-चाकणला ऑर्डर थांबली की कुपवाड एमआयडीसीत भट्टी थंड होते, हे गणित सरळ आहे. जूनमध्ये आमची रात्रपाळी बंद झाली. कंत्राटी पोरांना 'ब्रेक' दिला. ब्रेक हा शब्द भारी आहे. ज्याला मिळतो त्याला तो कधी संपणार हे कुणी सांगत नाही.

मग ऑगस्टमध्ये कृष्णा आली. आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका, हे आकडे सांगलीत शाळकरी पोरांनाही पाठ असतात. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ चा पूर पाहिलेली माणसं 'त्याच्या खुणेपर्यंत येईल फार तर' म्हणून सामान माळ्यावर टाकून बसली होती. पाणी माळ्यावर आलं. कुपवाड उंचावर, त्यामुळे कारखान्यात थेंब शिरला नाही. पण माणसं सांगलीवाडीची, हरिपूर रोडची, शामरावनगरची. ब्रह्मनाळला बोट उलटल्याची बातमी आली त्यानंतर कामावर येणाऱ्यांना 'घरचे सगळे ठीक ना' एवढं विचारायलाही जीभ उचलत नव्हती.

पाणी उतरल्यावर लोक परत आले ते चिखल उपसून. नखांत काळा गाळ, डोळे तारवटलेले. भिंती ओल्या, गाद्या रस्त्यावर वाळत घातलेल्या, पोरांची दप्तरं गेलेली. आणि याच माणसांकडून आम्हाला पहिल्यासारखी कास्टिंग, म्हणजे साच्यातून निघालेले ओतीव भाग, हवी होती.

सप्टेंबरात आमचं रिजेक्शन १४ टक्क्यांवर गेलं. एरवी ते ५-६ असायचं. दोष एकच जास्त, ब्लो होल. वरून कास्टिंग तुळतुळीत दिसायचं आणि ग्राहकाच्या मशीनवर पहिला कट घेतला की आत मुगाच्या दाण्याएवढी भोकं. साच्यातलं जादा पाणी तापलेल्या लोखंडाला भिडलं की त्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे-सतराशे पट जागा मागते. बाहेर जायला वाट मिळाली तर ठीक, नाही मिळाली तर ती लोखंडातच घर करते. हे मला पाठ होतं, इंजिनिअरिंगची परीक्षा मी त्यावर पास झालो होतो.

प्रॉडक्शनचा इनचार्ज म्हणून त्या महिन्यात मी काय काय केलं, ते आठवलं की अजून कान गरम होतात. गेटच्या आत एक मोठा फळा लावला. त्यावर रोजचं रिजेक्शन, पाळीनुसार, मोल्डरच्या, म्हणजे साचे करणाऱ्याच्या, नावासकट. खराब कास्टिंगना लाल रंग फासून फळ्याखाली ढीग घातला, म्हणजे कामावर येणाऱ्या प्रत्येकाला ते ओलांडूनच आत जावं लागेल. सकाळी आठची मीटिंग सुरू केली. मीटिंग म्हणजे मी बोलायचो आणि बाकीचे बुटांकडे बघायचे.

त्यातल्याच एका सकाळी मामा म्हणाले, "साहेब, वाळू वली लागतीया."

मी लॅबचं रजिस्टर मागवलं. ओलावा ३.४ टक्के. आम्हाला ३ ते ४ च्या मध्ये चालतो. आकड्यावर बोट ठेवून म्हटलं, "मामा, मीटर खोटं बोलतंय, का तुमचा हात?"

सात-आठ जण उभे होते. कुणीतरी हसलं. मामांनी हात पँटला पुसले, डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि मिक्सरकडे गेले. तेवीस वर्षं ते त्या मिक्सरवर होते.

पुढचे काही आठवडे कुणीच काही बोललं नाही. मला ते बरंच वाटलं, खोटं कशाला बोला. पोरं शिस्तीत आली असं मी शेठना सांगितलंसुद्धा. फाउंड्री म्हणजे एरवी आरडाओरडा, शिव्या, भट्टीवाल्याचं मोल्डिंगवाल्याशी रोजचं भांडण, 'तुझं लोखंड थंड' आणि 'तुझा बॉक्स ढिला' हा अखंड सामना. बॉक्स म्हणजे साच्याची पेटी. तो सामना बंद पडला. एरवी डोळे झाकून करतील अशा कामाला पोरं विचारायला येऊ लागली. "साहेब, बॉक्सचा क्लॅम्प बदलू का?" "साहेब, लॅडलला अस्तर आज मारू का उद्या?" आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी "तुम्ही सांगाल तसं." 'तुम्ही सांगाल तसं' हे मला आज्ञापालन वाटत होतं. ती पावती होती. उद्या बिघडलं तर दाखवायला जपून ठेवलेली.

आणखी एक खूण मला फार उशिरा कळली. नॉकआउटवर साचा फोडून कास्टिंग बाहेर काढतात. पूर्वी तिथं पहिला बॉक्स फुटला की मोल्डर आपली जागा सोडून बघायला यायचे. आपण केलेलं कसं निघालं ही उत्सुकता. सप्टेंबरात कुणी येत नव्हतं. कास्टिंग निघायचं, बेवारशासारखं कोपऱ्यात पडायचं आणि पुढचा बॉक्स यायचा.

मध्यंतरी शेठनी पुण्याहून एक मोटिव्हेशनवाले आणले. त्यांनी कँटीनमध्ये सगळ्यांना फुगे वाटले, फुग्यावर आपली भीती लिहायला लावली आणि एकदम फोडायला सांगितलं. पूर पाहून महिना झाला नव्हता. धडाधड आवाज झाले, सरांनी टाळ्या वाजवल्या, कोअर शॉपमधल्या, म्हणजे कास्टिंगच्या आतल्या पोकळीसाठी वाळूचे गाभे करणाऱ्या, मावशींनी न फोडता आपला फुगा पिशवीत घातला, नातवाला होईल म्हणून. रिजेक्शन दुसऱ्या दिवशी १५ होतं.

मग शेठनी अण्णांना बोलावलं. अण्णा आटपाडीकडचे, सगळी हयात मोठ्या फाउंड्रीत घालवून निवृत्त झालेले फोरमन. पांढरा शर्ट, पायात साध्या चपला, त्यावर सेफ्टीवाला ओरडला तेव्हा मुकाट्यानं बूट घालून आले. माझ्या डोक्यावर म्हातारा आणून बसवला म्हणून मी धुमसत होतो. पहिले तीन दिवस या माणसानं काहीही केलं नाही. नॉकआउटपाशी उभा राहायचा. दुपारी स्वतःचा डबा घेऊन पोरांच्यात पोत्यावर बसायचा. मी मनात म्हटलं, हे तर मीही करू शकलो असतो. पण केलं नव्हतं, हेही तितकंच खरं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी शेठना एक यादी दिली. अकरा नावं. पुरात घर गेलेल्यांची. "ह्यांना एकेक पगार उचल द्या आणि दोन-दोन दिवस आळीपाळीनं सोडा." मी म्हटलं, याचा ब्लो होलशी काय संबंध? अण्णा म्हणाले, "असंल, नसंल. पण वल्या भिंतीला टेकून झोपलेल्या माणसाला मी वाळूतली वल शोधायला कुठल्या तोंडानं सांगू?" शेठ मूळचे बरे माणूस. बाजार पडला होता तरी त्यांनी उचल दिली.

चौथ्या दिवशी फळा उतरवला. नावं पुसली नाहीत, फळाच काढून भट्टीमागं ठेवला. लाल ढीग मात्र ठेवला, फक्त गेटवरून उचलून शेडमध्ये आणला आणि कटिंग व्हीलवाल्याला बसवून कास्टिंग उभी कापायला लावली. त्यातल्या दोषांनुसार वाटण्या केल्या. इकडं ब्लो होल, इकडं स्लॅग, म्हणजे लोखंडावरची मळी, अडकलेली, इकडं लोखंड थंड पडून सांधा न जुळलेली. आधी ढीग माणसांच्या नावाचे होते, आता रोगांच्या नावाचे झाले. दुपारच्या सुट्टीत दोन पोरं तिथं उकिडवी बसून आतली भोकं बोटानं चाचपत होती. कुणी बोलावलं नव्हतं त्यांना.

"एकच पार्ट धरू," अण्णा म्हणाले. एका ट्रॅक्टरवाल्याचं ब्रॅकेट होतं, मधोमध बॉस, म्हणजे जाड गोल उंचवटा, असलेलं, त्यात सगळ्यांत जास्त भोकं यायची. जवळजवळ २२ टक्के जात होतं. मी म्हटलं, बाकीचे चौदा पार्ट? "ऱ्हाऊ द्या बोंबलत. सगळं एकदम हलवलं तर कशानं सुधारलं ते कळायचं न्हाई. आणि कळलं न्हाई, तर पुन्हा बिघडलं की पुन्हा तुमच्या तोंडाकडं बघत बसतील."

मामांना त्यांनी विचारलं, वाळू कशी आहे. मामा म्हणाले, "आमाला काय कळतंय? मीटर सांगतंय की."

मला ते ऐकू आलं. अण्णांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी वाळूची मूठ भरली, दाबली, आणि मामांपुढं हात धरला. "मला हातानं बघायची सवय मोडली आता. जरा दाखवा." मामांनी थोडा वेळ काही केलं नाही. मग त्यांचा लाडू घेऊन मोडला, फेकला, दुसरा केला, मोडला, आणि अण्णांचा तळहात उलटा करून अंगठ्यानं पुसला. "हे बगा. हे चिकाटलंय ते. हे नसाय पायजे."

त्यानंतर जे झालं ते इतकं साधं होतं की लाज वाटते. लॅबमधल्या पोराला अण्णांनी ५० ग्रॅम वाळू तोलायला लावली, ओव्हनमध्ये १०५ अंशांवर कोरडी होईतोवर ठेवली आणि पुन्हा तोलली. २.४ ग्रॅम कमी भरली. म्हणजे ओलावा ४.८ टक्के. त्याच घाण्याचा आमच्या मीटरचा आकडा होता ३.४.

आमचं मीटर कार्बाइडवर चालायचं. बंद भांड्यात वाळू आणि कॅल्शियम कार्बाइडची पूड घालून हलवायचं. वाळूतल्या पाण्याशी कार्बाइडची क्रिया होऊन ॲसिटिलीन वायू सुटतो आणि त्याच्या दाबावरून काटा ओलावा दाखवतो. आता कार्बाइडच आधी हवेतलं पाणी पिऊन बसलं असेल तर वायू कमी सुटणार, काटा कमी चढणार. पोरानं डबा आणला. झाकण एका बाजूनं वाकलेलं, नीट बसत नव्हतं. आत निम्मी पूड मेलेली, चुन्यासारखी पांढरी. ज्या ऑगस्टमध्ये सांगलीत माळ्यावर पाणी आलं, त्या हवेत तो डबा अर्धवट उघडा फडताळात होता. महिना-दीड महिना आमचं मीटर खरोखरच खोटं बोलत होतं. त्याच्या आकड्यावर विसंबून आम्ही मिक्सरला पाणी वाढवत होतो.

पोराचा चेहरा पांढराफटक. अण्णांनी विचारलं, नवीन डबा मागवला नव्हता का? तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "जुलैत इंडेंट दिला होता."

जुलैत मी खर्चकपात करत होतो. काही शे रुपयांचा तो इंडेंट, म्हणजे मागणीचा कागद, माझ्या सहीसाठी आला होता आणि मी त्यावर तिरकी रेघ मारली होती. कागद अजून फाइलला होता. मी जाऊन बघितला. रेघ बरीच ठसठशीत होती.

अण्णांनी मला काही सुनावलं असतं तर मला बरं वाटलं असतं, भांडता तरी आलं असतं. ते एवढंच म्हणाले, "उद्या आठची मीटिंग तुम्हीच घ्या."

रात्री झोप लागली नाही. बायकोला सांगितलं, ती म्हणाली, मग माफी मागा, त्यात काय एवढं. त्यात काय एवढं हे कारखान्यात दहा वर्षं 'साहेब' म्हणवून घेतलेल्या माणसाला विचारावं. मी मनात वाक्यं जुळवत होतो. 'काही तांत्रिक कारणांमुळे मापनात तफावत राहिली' असं एक फार सुबक वाक्य तयार झालं होतं. त्यात मी कुठंच नव्हतो.

सकाळी चाळीसेक माणसं उभी होती. मी तो डबा सोबत घेतला होता, आणि कागद. म्हटलं, वाळू ओली आहे असं मामांनी मला तीन आठवड्यांपूर्वी सांगितलं होतं. मी सगळ्यांसमोर त्यांची चेष्टा केली. मामा बरोबर होते. मीटर चुकीचं होतं, आणि ते चुकीचं राहिलं कारण नवीन कार्बाइड मी नामंजूर केलं. फळ्यावर मी ज्यांची नावं लिहिली त्यांतल्या बऱ्याच जणांचा त्यात दोष नव्हता. एवढं बोलून घसा कोरडा पडला. "मामा, माझं चुकलं."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणाचे डोळे पाणावले नाहीत. बराच वेळ भट्टीच्या पॅनेलची गुणगुण तेवढी ऐकू येत होती. मग मामा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या साहेब. पर त्या नव्या डब्याचं झाकण तेवढं नीट बसवत जावा." आणि वळून लॅबच्या पोराला, "तू काय बगतोस? चल, वाळू तोल."

ब्रॅकेटचं रिजेक्शन आठवड्यात २२ वरून ८ वर आलं. पण मला आकड्यापेक्षा गुरुवार जास्त आठवतो. त्या दिवशी मोल्डिंगवर कडाक्याचं भांडण झालं. भट्टीवाला म्हणाला बॉक्स ढिला होता, मोल्डर म्हणाला तुझं लोखंड थंड होतं, दोघांनी एकमेकांच्या सात पिढ्या काढल्या. मी सोडवायला धावलो तर अण्णांनी हात धरला. ते हसत होते. "चालू द्या. आलं घर जाग्यावर."

इथंच थांबलो असतो तर गोष्ट छान झाली असती. ट्रेनिंगमध्ये सांगतात तशी. खरी कसोटी पुढं होती.

अण्णांनी नियम केला की वाळू पटली नाही तर मामांनी मिक्सर बंद करायचा. कुणाला विचारायचं नाही. ऑक्टोबरात, दिवाळीच्या तोंडावर, एका दुपारी मामांनी मिक्सर बंद केला. भट्टीत ७०० किलो लोखंड तयार होतं. तयार लोखंड धरून ठेवायचं म्हणजे वीज जळत राहते, आणि संध्याकाळी डिस्पॅचची गाडी लागायची होती. लॅबच्या पोरानं ओव्हनमध्ये वाळू घातली. पाऊण तासानं आकडा आला: ३.६. वाळू एकदम ठीक होती. मामा चुकले होते.

ते मिक्सरपाशी उभे होते तसेच उभे राहिले. तो चेहरा मी सप्टेंबरातल्या त्या सकाळी पाहिला होता. फरक इतकाच, की या वेळी बघणारे चाळीस होते आणि सगळे अण्णांकडे बघत होते. तेवढ्यात शेठचा फोन. स्पीकर नव्हता, तरी शेठचा आवाज आम्हाला ऐकू येत होता. अण्णा ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, "मीच सांगितलं होतं थांबवायला. व्हय. माझ्यावर धरा." फोन खिशात घातला, मामांकडे गेले. म्हणाले, "बरं केलं थांबवलं. पुढल्या टायमाला शंका आली तर असंच करायचं." आणि मोल्डिंगकडं बघून ओरडले, "चला रं, लोखंड म्हातारं होतंय."

गाडी चुकली. ग्राहकाचा तिखट मेल आला, तो मी अजून ठेवलाय. त्या महिन्याच्या वीजबिलावरून शेठ आठवडाभर तोंड फुगवून होते. पण त्या दिवसानंतर कोअर शॉपमधल्या मावशींनी एक कोअर-बॉक्स घासला गेल्याचं स्वतःहून आणून दाखवलं. भट्टीवाल्यानं तापमान मोजायच्या टिपा बनावट लागतात असं सांगितलं; खरं निघालं. दोन-तीन तक्रारी फुसक्याही निघाल्या. मामा बरोबर होते तेव्हा लोकांना मामा हुशार आहेत एवढंच कळलं होतं. मामा चुकले आणि काही झालं नाही, तेव्हा त्यांना स्वतःबद्दल काहीतरी कळलं असावं.

पुढच्या वर्षी डिसेंबरात टीव्हीवर अशीच एक गोष्ट बघितली. ॲडलेडला भारताचा डाव ३६ वर आटोपला होता, कोहली घरी परतला होता, आणि मेलबर्नला अजिंक्य रहाणे कप्तान. रहाणे ११२ वर खेळत असताना जडेजाबरोबर चोरटी धाव घेताना धावबाद झाला. जडेजा तेव्हा ४९ वर होता, चेहरा पडलेला. रहाणे तंबूकडे जाण्याआधी त्याच्याकडे वळला आणि ग्लोव्हला ग्लोव्ह लावून गेला. भारत तो सामना आठ गडी राखून जिंकला, पुढं ब्रिस्बेनही जिंकून मालिका २-१ अशी घेतली. सगळे ते शतक सांगतात. मला ते दोन सेकंद बघून 'माझ्यावर धरा' ऐकू आलं होतं.

एका रविवारी अण्णा मला आटपाडीला घेऊन गेले. सांगलीहून निघालं की दोन तासांत नदीकाठचा ऊस संपतो, माळरान सुरू होतं, बोरी-बाभळी दिसायला लागतात. एकाच जिल्ह्यात इकडं पुरानं मेलेली गावं आणि तिकडं पाण्याच्या टँकरची वाट बघणारी. अण्णांना मला स्वतंत्रपूर दाखवायचं होतं. औंध संस्थानात, १९३९ मध्ये, राजे भवानराव पंतप्रतिनिधींच्या काळात इथं खुली वसाहत सुरू झाली, कैद्यांची. कल्पना मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरची. मोठ्या शिक्षेच्या कैद्यांना इथं बायका-पोरांसह राहू द्यायचं, जमीन कसू द्यायची, आणि भोवती भिंत घालायची नाही. पुढं यावरून हिंदी चित्रपटही निघाला.

गंमत म्हणजे याच राजानं आधी लक्ष्मणराव किर्लोस्करांना जागा दिली होती. बेळगावात नगरपालिकेनं कारखाना हलवायला सांगितला, तेव्हा उघड्यावर आलेला हा माणूस १९१० मध्ये कुंडलजवळच्या निवडुंगाच्या आणि सापांच्या माळावर कामगारांना घेऊन आला. ती किर्लोस्करवाडी. नांगराची फॅक्टरी आणि बिनभिंतीचा तुरुंग यांच्यामागं एकच राजा होता, हे मला सांगली जिल्ह्यात जन्म काढून पन्नाशीच्या घरात कळलं.

मी अण्णांना विचारलं, "कैदी पळून नाही जायचे?"

"गेला असंल एखादा," अण्णा म्हणाले. "भिंती असलेल्या जेलातनं जात न्हाईत व्हय?" मग बराच वेळ काही बोलले नाहीत. गाडीत बसताना म्हणाले, "भिंत न्हाई म्हटल्यावर राखणदारालाच जास्त भ्या वाटतं बगा. कैद्याला न्हवं."

रिजेक्शन जानेवारीपर्यंत साडेसहावर आलं. पाचवर नाही आलं. दोन चांगले मोल्डर तोवर चाकणला निघून गेले होते, फळ्यावर नावं होती त्यांतलेच. त्यांना मी फोन केला होता; एकानं उचलला, नीट बोलला, परत आला नाही. मार्चमध्ये लॉकडाउन लागला आणि आमचे सगळे आलेख एका सरळ रेषेत शून्यावर गेले. अण्णा गावी गेले ते गेलेच. मामा दोन वर्षांनी निवृत्त झाले. निरोपाला शाल-नारळ दिला, भाषण करायला सांगितलं तर म्हणाले, "पाणी जपून टाका," आणि खाली बसले.

आता मिक्सरवर एक पोरगा आहे, जतकडचा. आयटीआय केलेला, हुशार, मोबाइलवर फार असतो. आता आमचं मीटर डिजिटल आहे, कार्बाइडचा प्रश्नच नाही. तो जुना डबा माझ्या टेबलावर असतो, पेन ठेवायला. झाकण नाही त्याला.

परवा दुपारी तो पोरगा आला. दारात घुटमळला.

"साहेब, वाळू मला जरा बरोबर वाटंना झालीया."

"मीटर काय म्हणतंय?"

"ते ओके दावतंय."

त्याच्याबरोबर मिक्सरपाशी गेलो. मूठ भरली, दाबली, मोडली, तळहात उलटा करून बघितला. मला काहीही कळलं नाही. मामांच्या शेजारी इतकी वर्षं काढूनही ती विद्या माझ्या हाताला आली नाही, आता येणारही नाही. गाडी साडेचारला लागणार होती. भट्टीवाला वरून हातवारे करत होता, लोखंड तयार म्हणून. पोरगा माझ्या तोंडाकडं बघत होता.

"मग माझ्याकडं काय बघतोस," म्हटलं, "कर बंद."